पडत्या काळात संघ कसा उभा राहतो : शिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या कार्याचा ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक

उज्जैनच्या फ्रीगंज भागातील टावर चौक हे त्या शहरातील विद्यार्थ्यांचे एकत्र येण्याचे नेहमीचे ठिकाण होय. घड्याळाच्या मनोऱ्याभोवती सायंकाळी खाद्यपदार्थांच्या गाड्या लागतात आणि महाविद्यालयांतून परतणारी मुले-मुली तेथे रेंगाळतात. शिंद्यांच्या काळापासून उज्जैनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची आणि जुन्या शहरातील उर्दू बोलणाऱ्या कुटुंबांची मुले एकाच वर्गात बसतात, एकाच मैदानावर खेळतात. हे शहर मलखांबाचे आणि कुस्तीच्या आखाड्यांचे म्हणून ओळखले जाते. फुटबॉलचे शहर म्हणून त्याचा लौकिक नाही. तरीही येथील प्राध्यापकांना फुटबॉलविषयी जो प्रश्न पडतो, तोच मालेगाव, भिवंडी, जळगाव किंवा छत्रपती संभाजीनगर येथील प्राध्यापकांनाही पडतो.

प्रश्न साधा आहे. महाविद्यालयाचा संघ कागदावर असतो. विद्यापीठाच्या स्पर्धेआधी आठ-दहा दिवस सूचना फलकावर कागद लागतो. पंधरा-सोळा मुले जमतात, त्यांतील निम्म्यांकडे बूट नसतात. संघ पहिल्याच फेरीत हरतो आणि वर्षभर पुन्हा कोणी मैदानाकडे फिरकत नाही. दोन-तीन वर्षे असे झाले की संस्थेच्या सभेत कोणीतरी विचारते, या खेळावर खर्च तरी कशासाठी करायचा? हरणारा संघ बंद करावा की नव्याने उभा करावा, या प्रश्नाचे उत्तर बहुधा पैशांच्या हिशेबात शोधले जाते. प्रस्तुत लेखात ते इतिहासात शोधण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी हैदराबादचे एक शालेय शिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांचे उदाहरण निवडले आहे. मराठी वाचकाला ते परके नाही. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्याचाच भाग होता आणि रहीम यांच्या संघाने आपले सर्वांत मोठे यश मुंबईच्या कूपरेज मैदानावर मिळविले.

उस्मानिया विद्यापीठ आणि मैदान

रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबाद येथे झाला. त्यांचे शिक्षण ज्या उस्मानिया विद्यापीठात झाले ते १९१८ मध्ये स्थापन झाले होते. आधुनिक ज्ञानशाखा उर्दू माध्यमातून शिकविणारे विद्यापीठ म्हणून त्याचे स्थान वेगळे होते. पाठ्यपुस्तके तयार करण्यासाठी तेथे 'दारुल तर्जुमा' हा स्वतंत्र अनुवाद विभाग चालत असे. विद्यापीठाच्या या बाजूवर पुष्कळ लिहिले गेले आहे, परंतु मैदानाची बाजू सहसा दुर्लक्षित राहते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात उस्मानियाचे विद्यार्थी मोठ्या उत्साहाने फुटबॉल खेळत होते. रहीम विद्यापीठाच्या संघातून खेळले. पुढे आजी-माजी विद्यार्थ्यांनी मिळून बनविलेल्या 'इलेव्हन हंटर्स' या संघातून आणि नंतर शहरातील 'कमर क्लब' या नावाजलेल्या संघातूनही ते खेळले.

महाविद्यालयातून बाहेर पडलेला विद्यार्थी आणि महाविद्यालयात शिकणारा विद्यार्थी यांना एकाच संघात बांधण्याची ही पद्धत लक्षात घेण्याजोगी आहे. महाविद्यालयीन संघाची मोठी अडचण अशी असते की मुलगा खेळ शिकून तयार होतो तोच त्याची पदवी पूर्ण होते आणि दरवर्षी सारे काही पहिल्यापासून सुरू करावे लागते. माजी विद्यार्थी मैदानावर येत राहिले तर अनुभवाचा धागा तुटत नाही.

पदवीनंतर रहीम यांनी शिक्षकी पेशा पत्करला. काचीगुडा मिडल स्कूल, उर्दू शरीफ स्कूल, दारुल उलूम हायस्कूल आणि चादरघाट हायस्कूल या शाळांतून त्यांनी अध्यापन केले. शारीरिक शिक्षणाची पदविकाही त्यांनी घेतली. १९४० च्या दशकात हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिवपद त्यांच्याकडे आले आणि ते अखेरपर्यंत त्यांच्याकडेच राहिले. अर्थात वर्गात शिकविणे, सायंकाळी मैदानावर उभे राहणे आणि रात्री संघटनेचा पत्रव्यवहार पाहणे ही तिन्ही कामे एकाच माणसाच्या वाट्याला आली होती. आपल्या महाविद्यालयांतील ज्या प्राध्यापकाकडे भाषेचे तास, परीक्षा विभाग आणि जिमखाना एकत्रच सोपविलेला असतो, त्याला ही परिस्थिती ओळखीची वाटेल.

१९४८ नंतरचे हैदराबाद

रहीम यांच्या कार्याचे मोल कळण्यासाठी काळाकडे पाहिले पाहिजे. हैदराबाद संस्थानाची शेवटची दहा वर्षे कटुतेची होती. १९३८-३९ च्या वंदे मातरम् आंदोलनात अनेक विद्यार्थ्यांना उस्मानिया विद्यापीठ सोडावे लागले आणि त्यांतील पुष्कळांनी नागपूर गाठले. पुढे रझाकारांच्या अत्याचारांनी मराठवाड्यातील गावे होरपळली. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली आणि संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले. मराठवाड्यासाठी तो मुक्तीचा क्षण होता. त्याच वेळी कारवाईनंतर उसळलेल्या हिंसाचारात तत्कालीन उस्मानाबाद, नांदेड, बिदर आणि गुलबर्गा या जिल्ह्यांतील मुस्लिम वस्त्यांची मोठी हानी झाली, हे पंडित सुंदरलाल समितीने नोंदविले आहे. दोन्ही दुःखे खरी आहेत आणि एकाचा उल्लेख करताना दुसरे लपविण्याचे कारण नाही.

विलीनीकरणानंतर जुनी व्यवस्था वेगाने बदलली. १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या. कचेरीतून उर्दूचे स्थान गेले आणि उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणमाध्यम इंग्रजी झाले. दरबाराच्या व जहागीरदारांच्या आश्रयावर जगणाऱ्या अनेकांची उपजीविका संपली. सुस्थितीतील अनेक कुटुंबे पाकिस्तानात निघून गेली. जे राहिले त्यांच्यापुढे प्रश्न होता की नव्या देशात आपली जागा कोणती?

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हैदराबाद सिटी पोलीस हा फुटबॉल संघ १९४८ पूर्वीही होता आणि तो दुबळा नव्हता. मोडला होता तो संघाभोवतीचा समाज. ज्या मोहल्ल्यांतून खेळाडू येत, ज्या शाळांतून ते घडत आणि ज्या आश्रयदात्यांच्या आधारावर क्लब चालत, ते सारे विस्कळीत झाले होते. अशा काळात १९५० मध्ये रहीम यांनी सिटी पोलीस संघाच्या प्रशिक्षणाची सूत्रे हाती घेतली. पोलीस खात्यातील नोकरी म्हणजे गरीब घरातल्या मुलाला दरमहा निश्चित पगार. खेळ आणि भाकरी यांची ही सांगड त्या काळी फार मोठी होती.

कूपरेजवरील पाच वर्षे

मुंबईची रोव्हर्स चषक स्पर्धा १८९१ मध्ये ब्रिटिश लष्करी वर्तुळात सुरू झाली. पहिली जवळजवळ साडेचार दशके तो चषक गोऱ्या पलटणींच्याच हाती राहिला. १९३७ मध्ये बंगळूर मुस्लिम्स या संघाने तो प्रथमच भारतीयांकडे आणला. १९४० मध्ये कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने तो जिंकला. तरीही एखाद्या संघाने लागोपाठ पाच वर्षे चषक आपल्याकडे ठेवावा, असे तोवर घडले नव्हते. हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी पाच वर्षे सलग रोव्हर्स चषक जिंकला.

१९५० मध्येच दिल्लीच्या ड्युरँड स्पर्धेत या संघाने अंतिम फेरीत मोहन बागानला नमविले. पुढे १९५४, १९५७ आणि १९६१ मध्येही तो करंडक हैदराबादकडे आला. १९६१ चे विजेतेपद मिळाले तेव्हा संघाचे नाव आंध्र प्रदेश पोलीस असे झाले होते. राज्यांच्या संघांसाठी असलेली संतोष करंडक स्पर्धा हैदराबादने १९५६-५७ आणि १९५७-५८ अशी लागोपाठ दोनदा जिंकली. या काळात देशाच्या फुटबॉलची राजधानी कलकत्ता हीच होती. पैसा, प्रेक्षक आणि वृत्तपत्रे तिकडे होती. दख्खनमधील एका शहराचा पोलीस संघ कलकत्त्याच्या नामांकित क्लबांना हरवीत होता, याचे कारण खेळ शिकविण्याच्या पद्धतीत शोधावे लागते.

रहीम यांची अध्यापनपद्धती

'अध्यापनपद्धती' हा शब्द येथे जाणीवपूर्वक वापरला आहे. रहीम मैदानावरही शिक्षकच होते. त्यांच्या पद्धतीचे चार विशेष सांगता येतील.

पहिला विशेष असा की त्यांनी सवयींवर काम केले. त्या वेळच्या भारतीय फुटबॉलमध्ये चेंडू पायाशी खेळवत एकट्याने पुढे जाणाऱ्या खेळाडूला टाळ्या मिळत. रहीम यांनी तरुण मुलांसाठी अशा स्पर्धा भरविल्या की ज्यात चेंडू घेऊन एकट्याने पळण्यास बंदी असे. चेंडू आला की तो लगेच जोडीदाराकडे द्यायचा. दुसऱ्या काही स्पर्धांत फक्त कमजोर पायाने खेळण्याचा नियम असे. उजव्या पायाने खेळणाऱ्याने डावा पाय वापरायचा आणि डाव्याने खेळणाऱ्याने उजवा. भाषेचा शिक्षक मुलाला ठरावीक शब्द न वापरता निबंध लिहायला सांगतो तेव्हा जे साधते, तेच येथे साधले जात होते. विद्यार्थ्याची पळवाट बंद झाली की त्याला नवीन वाट शोधावी लागते. अशा स्पर्धांना फार खर्च येत नाही. लागतो तो विचार आणि नियम पाळून घेण्याची चिकाटी.

दुसरा विशेष म्हणजे खेळाडू शोधण्याची त्यांची नजर. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा येथील तुळशीदास बलराम हा गरीब कुटुंबातील मुलगा त्यांच्या दृष्टीस पडला. सरावासाठी हैदराबादला दररोज येणे त्या मुलाला परवडणारे नव्हते. सायकल भाड्याने घेता यावी म्हणून रहीम यांनी त्याला पैसे दिले, ही आठवण बलराम यांनी पुढे अनेकदा सांगितली. हा मुलगा १९५६ च्या मेलबर्न आणि १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये खेळला आणि १९६२ च्या सुवर्णविजेत्या संघातही होता. उस्मानियाच्या उर्दू वातावरणात वाढलेला मुसलमान शिक्षक आणि सिकंदराबादच्या वस्तीतील हिंदू मुलगा यांचे हे नाते १९४८ नंतर फार वर्षे उलटण्याआधी जुळले, हे विसरता कामा नये.

तिसरा विशेष वाचनाचा व निरीक्षणाचा. १९५० च्या दशकात हंगेरीच्या संघाने मधल्या आघाडीपटूला मागे खेचून खेळविण्याची पद्धत रूढ केली. प्रतिस्पर्धी बचावपटूंचा त्यामुळे गोंधळ उडत असे. रहीम यांनी ही पद्धत अभ्यासली आणि आपल्या खेळाडूंच्या कुवतीप्रमाणे बदलून घेतली. दूरचित्रवाणी नसलेल्या त्या काळात एका शालेय शिक्षकाने जगातील नवे प्रवाह समजून घ्यावेत आणि लगोलग वापरावेत, ही सामान्य गोष्ट नव्हे.

चौथा विशेष शिस्तीचा. संघातील जागा खेळावर ठरे, वशिल्यावर नव्हे. भारतीय संघाच्या निवडीत प्रांताप्रांतांचे हितसंबंध आड येत असत आणि रहीम यांना त्यांच्याशी झुंजावे लागले. हैदराबादच्या खेळाडूंना ते झुकते माप देतात, अशी टीकाही त्यांच्यावर होत असे. तिला उत्तर मिळाले ते मैदानावरच.

पराभवातून शिकणे : हेलसिंकी ते जकार्ता

रहीम यांच्या चरित्रातील सर्वांत उपयुक्त भाग त्यांच्या पराभवाचा आहे. १९५१ मध्ये नवी दिल्लीतील पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताने अंतिम सामन्यात इराणला १-० असे हरवून सुवर्णपदक पटकावले. प्रशिक्षक रहीम होते. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडविला. भारताचा एकमेव गोल अहमद खान यांनी केला. प्रशिक्षक तेव्हाही रहीमच होते. युरोपातल्या थंड, ओलसर मैदानावर आपले अनेक खेळाडू अनवाणी उतरले होते. अनवाणी खेळण्याचे कौतुक करण्याची आपल्याकडे सवय होती. त्या दिवशी तिचे मोल चुकवावे लागले.

या पराभवानंतर देशात बूट घालून खेळणे सक्तीचे करण्यात आले. ज्याने पिढ्यान्‌पिढ्या अनवाणी खेळ केला, त्याच्या पायात बूट घालणे म्हणजे त्याला चालणे पुन्हा शिकविण्यासारखेच होते. चेंडूचा स्पर्श बदलतो, वेग बदलतो, पायाला फोड येतात. हे शिक्षण पूर्ण व्हायला चार वर्षे लागली आणि त्याचे फळ १९५६ मध्ये मेलबर्न येथे दिसले. यजमान ऑस्ट्रेलियाला भारताने ४-२ असे हरविले. मुंबईकडून खेळणाऱ्या गोमंतकीय नेव्हिल डिसोझा यांनी त्या सामन्यात तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये अशी कामगिरी करणारे ते पहिले आशियाई खेळाडू ठरले. उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हियाशी गाठ पडली. या वेळी भारत ४-१ असा हरला. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने ३-० अशी मात केली आणि भारत चौथा आला. ऑलिंपिक फुटबॉलमधील भारताची ती आजवरची सर्वोत्तम कामगिरी होय. १०-१ आणि ४-१ हे दोन्ही आकडे पराभवाचेच आहेत. परंतु शिक्षक या दोन आकड्यांमधील अंतर वाचतो.

१९६० मध्ये रोम येथे भारताने हंगेरीला कडवी झुंज देत १-२ असा पराभव पत्करला, फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी साधली आणि पेरूकडून १-३ अशी हार खाल्ली. दोन वर्षांनी, १९६२ मध्ये, जकार्ताच्या आशियाई स्पर्धेला संघ गेला तेव्हा रहीम यांना कर्करोगाने ग्रासले होते.

जकार्तातील वातावरण भारताला प्रतिकूल होते. यजमान इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवान यांना प्रवेश नाकारला होता. आशियाई क्रीडा महासंघाशी संबंधित भारतीय पदाधिकारी गु. द. सोंधी यांनी त्यावर आक्षेप घेतल्याने तेथील जनमत भारताविरुद्ध खवळले होते. भारताने पहिला सामना दक्षिण कोरियाविरुद्ध ०-२ असा गमावला. थायलंडविरुद्धच्या सामन्यात बचावपटू जर्नेल सिंग यांच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. रहीम यांनी त्यांना विश्रांती देण्याऐवजी आघाडीवर खेळविण्याचा निर्णय घेतला. हा निर्णय लहरी वाटेल, पण रहीम यांना आपला खेळाडू पूर्ण ठाऊक होता. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध जर्नेल यांनी गोल केला. ४ सप्टेंबर १९६२ रोजी अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाशीच पुन्हा गाठ पडली. पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल सिंग यांच्या गोलांच्या जोरावर भारत २-१ असा जिंकला. सारे स्टेडियम भारताची हुर्यो उडवीत असताना पाकिस्तानचा हॉकी संघ मात्र भारताच्या बाजूने आवाज देत होता, अशी आठवण त्या संघातील खेळाडूंनी नोंदविली आहे. फाळणीला तेव्हा पंधरा वर्षे झाली होती.

त्या संघाचे नेतृत्व चुनी गोस्वामी यांच्याकडे होते. संघात हैदराबादचे युसूफ खान होते, मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळणारे गोमंतकीय फोर्तुनातो फ्रँको होते आणि पंजाबचे जर्नेल होते. भाषा निराळ्या, धर्म निराळे, पण खेळाची शिकवण एकाच गुरुजींची होती. जून १९६३ मध्ये रहीम यांचे निधन झाले. त्यांचे वय तेव्हा ५३ होते.

समांतर उदाहरणे

पडत्या काळात संघ उभारण्याची उदाहरणे अन्यत्रही आहेत. १८९१ मध्ये स्थापन झालेल्या कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंग क्लबने चार दशके फारसे यश पाहिले नव्हते. १९३० च्या दशकात क्लबची फेररचना झाली. देशाच्या निरनिराळ्या भागांतून खेळाडू आणले गेले आणि पावसाळी मैदानासाठी बुटांचा वापर सुरू झाला. १९३४ मध्ये कलकत्ता लीगच्या पहिल्या श्रेणीत प्रवेश करताच त्याच वर्षी या क्लबने विजेतेपद मिळविले आणि १९३८ पर्यंत सलग पाच वर्षे ते राखले. सामान्य मुस्लिम कामगाराला त्या यशाने जो आत्मविश्वास दिला तो सभांमधील भाषणांनी दिला नव्हता. मात्र त्या काळाच्या जातीय राजकारणात क्लबच्या यशाचा वापर झाला, हेही इतिहासाने नोंदविले आहे. समाजाचा संघ आणि समाजापुरता संघ यांतील फरक येथे दिसतो. रहीम यांचा संघ पहिल्या प्रकारचा होता.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील आहे. तेथील फुटबॉल हा खेळ आपल्या फुटबॉलहून वेगळा आहे, पण प्रश्न तोच आहे. लुइझियाना राज्यात कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या एका लहान महाविद्यालयाने १९४१ मध्ये एडी रॉबिन्सन या २२ वर्षांच्या तरुणाला प्रशिक्षक नेमले. हेच महाविद्यालय पुढे ग्रॅम्बलिंग या नावाने प्रसिद्ध झाले. पहिल्या वर्षी संघ तीन सामने जिंकला व पाच हरला. दुसऱ्या वर्षी त्याने सर्व नऊ सामने जिंकले आणि प्रतिस्पर्ध्यांना एकही गुण मिळू दिला नाही. १९९७ मध्ये निवृत्त होईपर्यंत रॉबिन्सन यांच्या नावावर ४०८ विजय जमा झाले. वर्णभेदाच्या काळात मोठ्या विद्यापीठांची दारे बंद असलेल्या मुलांना त्यांनी मैदान दिले आणि पदवीही पूर्ण करायला लावली. साधने तुटपुंजी असलेल्या समाजाच्या महाविद्यालयाने काय करावे, याचा हा वस्तुपाठ आहे.

नंतरची घसरण

रहीम गेल्यानंतर काय झाले, हे सांगितल्याखेरीज हा आढावा अपुरा राहील. १९६५-६६ मध्ये आंध्र प्रदेशने संतोष करंडक जिंकला. परंतु हैदराबादचा दबदबा हळूहळू ओसरत गेला. चांगले खेळाडू कलकत्त्याच्या क्लबांकडे गेले. शाळांची मैदाने आक्रसली आणि क्रिकेटने मुलांना ओढून घेतले. ही कारणे नेहमी सांगितली जातात आणि ती खरीही आहेत. त्यांच्या तळाशी आणखी एक कारण आहे. शाळा, मोहल्ल्यातील स्पर्धा, संघटनेचे कार्यालय आणि पोलीस संघ यांना जोडणारा दुवा एकच माणूस होता. तो दुवा निखळला तेव्हा त्याची जागा घेणारी व्यवस्था तयार झालेली नव्हती. रहीम यांचे चिरंजीव सय्यद शाहिद हकीम १९६० च्या ऑलिंपिक संघात होते. ते आंतरराष्ट्रीय पंच झाले आणि त्यांना ध्यानचंद पुरस्कारही मिळाला. पण एका कुटुंबाची निष्ठा संस्थेची जागा भरून काढू शकत नाही.

अलीकडच्या काळातही तोच धडा मिळाला. २०१९ मध्ये हैदराबादच्या नावाने व्यावसायिक संघ निघाला. मार्च २०२२ मध्ये त्याने देशातील सर्वोच्च लीगचे विजेतेपद मिळविले आणि २०२५ मध्ये तो दिल्लीला हलविण्यात आला. भांडवल आले तसे गेले. याउलट कोल्हापूरकडे पाहावे. तेथील पाटाकडील, खंडोबा यांसारखे संघ तालमींच्या नावाने चालतात आणि पेठांच्या आधारावर उभे आहेत. स्थानिक सामन्यांना शाहू स्टेडियम भरते. २०१७ मध्ये १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव त्याच मातीतला आहे. ज्या संघाची मुळे गल्लीत असतात तो एखाद्या पराभवाने मरत नाही.

२०२४ मध्ये रहीम यांच्या जीवनावर 'मैदान' हा हिंदी चित्रपट आला आणि नव्या पिढीला त्यांचे नाव कळले. चित्रपटाने सुवर्णपदकाची कथा सांगितली. शिक्षकांच्या दृष्टीने मात्र कमजोर पायाची स्पर्धा आणि भाड्याच्या सायकलीचे पैसे या गोष्टी पदकापेक्षा महत्त्वाच्या आहेत, कारण त्या कोणत्याही महाविद्यालयात करता येतात.

निष्कर्ष

या आढाव्यातून काही निष्कर्ष हाती येतात. एक, संघ स्पर्धेच्या आधी आठ दिवसांत उभा राहत नाही. तो शाळेत सुरू होतो. शिक्षणसंस्थेच्या अखत्यारीत प्राथमिक शाळेपासून महाविद्यालयापर्यंत वर्ग असतील तर पाचवीतील मुलगा आणि पदवीचा विद्यार्थी यांना एकाच मैदानावर आणणे हे संस्थेचेच काम आहे. दोन, माजी विद्यार्थी हे संघाचे पहिले भांडवल होय. तीन, साधनांची उणीव नियमांच्या कल्पकतेने बऱ्याच अंशी भरून निघते, पण बूट आणि प्रवासखर्च या दोन बाबतींत हात आखडता घेऊ नये. अनेक मुले खेळ सोडतात ती याच दोन कारणांनी. चार, पराभवाची नोंद ठेवली पाहिजे. या वर्षी १०-१ असेल तर चार वर्षांनी ४-१ होईल, असा हिशेब मांडणारा शिक्षक संस्थेच्या सभेत संघाची बाजू घेऊ शकतो. पाच, आणि हा सर्वांत अवघड, काम एका माणसावर सोडू नये. रहीम यांच्या चरित्रातील जे गौरवास्पद आहे त्यातच हैदराबादच्या घसरणीचे बीज होते.

रहीम यांच्या काळात हे मैदान फक्त मुलांचे होते. आज आपल्या महाविद्यालयांत मुली मोठ्या संख्येने शिकत आहेत आणि संघाची पुनर्बांधणी म्हणताना मुलींचा संघही त्यात धरला पाहिजे. ज्या पालकांना मुलीला मैदानावर पाठविण्यात संकोच वाटतो, त्यांच्याशी बोलण्याचे काम पुन्हा शिक्षकालाच करावे लागेल.

१९६३ मध्ये रहीम गेले. त्याच वर्षी औरंगाबाद येथे डॉ. रफीक झकेरिया यांनी मौलाना आझाद महाविद्यालय सुरू केले. मराठवाड्यातील मुस्लिम मुलांना उच्च शिक्षणाची वाट मोकळी करण्यात त्या संस्थेचा मोठा वाटा आहे. एक समाज १९४८ च्या पडझडीतून सावरताना मैदान आणि महाविद्यालय या दोन्ही मार्गांनी पुढे आला. आपण महाविद्यालये टिकविली, वाढविली. मैदानाचे काम अर्ध्यावर राहिले आहे. टावर चौकात सायंकाळी घोळक्याने उभ्या असलेल्या मुलांमध्ये एखादा बलराम असेलही. त्याला सायकलीचे भाडे देणारा शिक्षक त्या गर्दीतून रोज जातो काय, हाच खरा प्रश्न आहे.